लहान आकडा

"असेल," आत्माराम मोहिते म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्याबरोबर त्याची कानशिलं तापली. उत्तर एवढंसंच. मॅनेजर भाटकरांनी विचारलं होतं, "ओलं फडकं फिरवल्यानं आत पाणी गेलं असेल काय हो, मोहिते?" आणि बागायतदार संघाच्या त्या काचेच्या खोलीत दाटीवाटीनं उभी असलेली सगळी माणसं, कपाळाला गंध आणि मुठीत प्रसादाचं खोबरं अशी, त्याच्या तोंडाकडे पाहत होती. चेअरमन महिपतराव विचारे पाहत होते. गाऱ्हाणं घालून घसा बसलेला वॉचमन शिवा गुरव पाहत होता. दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ झाडूवाली सखूबाई उभी होती, तीही पाहत होती. खरं म्हणजे भाटकरांच्या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरनं आधीच पडद्यावर हिरव्या अक्षरांत देऊन ठेवलं होतं. इन्सफिशंट मेमरी. नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायला या मशीनमध्ये मेमरी पुरत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पाण्याचं त्यात नावही नव्हतं. इंग्रजी वाचणारी आणखी दोन-चार माणसं खोलीत होती, नाही असं नाही. पण मशीनचं इंग्रजी म्हणजे डॉक्टरच्या अक्षरासारखं, आपण त्यात नाक खुपसायचं नसतं असं ठरवून सगळ्यांनी ते आत्मारामवर सोपवलं होतं. आणि आत्मारामनं ते वाचून सांगितलं, "असेल."

खंडेनवमीचा दिवस. एरवी या दिवशी संघाच्या गोदामात तराजूची, वजनांची, आंब्याच्या पेट्या ठोकायच्या हातोड्यांची आणि ऑफिसातल्या जुन्या टाइपरायटरची पूजा व्हायची. यंदा भाटकरांच्या डोक्यात आलं की कॉम्प्युटरचीही करायची, आणि पूजा आटोपली की कमिटीच्या सगळ्या मेंबरांसमोर लगेच नवी सिस्टिम चढवून दाखवायची. मशीन मुंबईहून येऊन बरेच महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्यावर पत्रं टाइप करण्यापलीकडे काही झालं नव्हतं, आणि मेंबरांपैकी एकदोघे "काय भाटकर, तुमचा तो टीव्ही लागला काय?" असं येताजाता टोचायला लागले होते. सभासदांचे हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम नव्या सिस्टिमशिवाय चालणार नव्हता. तिच्या फ्लॉप्या एस.टी.च्या पार्सलनं येऊन कपाटात पडल्या होत्या. मशीनला झेंडूची माळ घातली गेली. की-बोर्डवर हळदकुंकू टाकू नका म्हणून आत्मारामनं हातापाया पडून ते टेबलाच्या कडेवर निभावून नेलं. मग शिवा गुरवानं पुढे होऊन नारळावर हात ठेवला आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "हे बा देवा म्हाराजा, आज ह्या संगाच्या लेकरांनी ह्या ठिकानी नवा येंतर मांडल्यानी हाय, त्येच्यावर कुनाची वायट नजर आसंल, काय आडा-येडा आसंल, ता दूर कर, आनि ज्येच्या हातात त्येची चावी हाय त्येच्या हाताला येश दे रे म्हाराजा!" सगळे एकसुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" ज्याच्या हातात चावी होती त्या आत्मारामचे ओठही हलले. त्याच्या बापानं छप्पन सालानंतर घरातले देव टोपलीत भरून चिपळूणला वाशिष्ठीच्या पाण्यात सोडले होते आणि परतताना मागे वळून पाहिलं नव्हतं, असं घरात नेहमी सांगितलं जायचं. ओठ हलवायला कुणी आत्मारामला सांगितलं नव्हतं. ते आपोआपच हलले आणि तेव्हाही त्याला थोडी लाज वाटली, पण ती गर्दीत खपून गेली.

मग त्यानं पहिली फ्लॉपी घातली. मशीन सुरू होताना आधी स्वतःची मेमरी मोजून पाहतं. कोपऱ्यात आकडे चढत जातात, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, आणि दोनशे छप्पनवर येऊन थांबतात. ते रोज तिथेच थांबायचे. आत्माराम रोज सकाळी ते पाहायचा, आणि आज ते पुढे जातील अशी वेडी आशा त्याला नेमकी आज वाटली, जणू गाऱ्हाण्यानं मशीनला काही सुचलं असतं. आकडे थांबले. फ्लॉपी कुरकुरली. पडद्यावर ते दोन शब्द उमटले आणि पुढे काही झालं नाही. त्यानं पुन्हा सुरू करून पाहिलं. पुन्हा तेच. मेंबर आधी कौतुकानं गप्प होते, मग नुसतेच गप्प झाले, मग त्यातला एक जण हळूच खाकरला. महिपतराव म्हणाले, "काय रे, रुसला काय तुझा गणोबा?" लोक हसले. आणि त्याच वेळी भाटकरांना खिडकीच्या कठड्यावर घडी करून ठेवलेलं फडकं दिसलं. त्यांनी ते दोन बोटांत उचललं. ते दमट होतं. "हे कोणी ठेवलं इथं?" दाराबाहेरून सखूबाई म्हणाली, "मीच सायेब. सकाळी काच पुसलंय. फडका जरासाच वला केलेला, चिकट हुती म्हनून." भाटकर म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं त्याला हात लावायला?" सखूबाईनं खाली पाहिलं. सांगितलं होतं आत्मारामनं. आदल्या संध्याकाळी कुलूप लावताना तो म्हणाला होता, "उद्या माणसं येणार आहेत, मशीनची काच जरा स्वच्छ करून ठेवा." ती आता नाव घेईल म्हणून तो जागच्या जागी ताठ झाला होता. तिनं घेतलं नाही. मग भाटकर त्याच्याकडे वळले, त्यांनी पाण्याचं विचारलं, आणि तो म्हणाला, "असेल." मेंबरांमध्ये सुटल्यासारखी हालचाल झाली. कारण सापडलं होतं. शिवा गुरव म्हणाला, "तरी मी म्हंतंय, गाऱ्हाना तर बरोबर घातलेला." महिपतराव म्हणाले, "जाऊ दे, सुकेल. दसरा झाला की बघू." सगळे चपला शोधत बाहेर पडले. संध्याकाळी आत्माराम पंखे बंद करत असताना भाटकर जिन्यावरून सहज बोलावं तसं म्हणाले, "सखूबाईला सांगून टाकलं हो, दसऱ्यानंतर येऊ नको म्हणून. एवढ्या किमतीची वस्तू, तिच्या भरवशावर कशी ठेवायची?" आत्माराम म्हणाला, "बरं."

सखूबाई त्याची आते होती. बापाची सख्खी बहीण. संघात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. एकाच समाजातली दोघं आहेत एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि त्यापलीकडे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. तिचं सासरचं आडनाव वेगळं, तो चिपळूणकडचा, ती लग्न होऊन रत्नागिरीत आलेली. कारकुनाची जागा भरायची आहे ही बातमी तिनंच केर काढता काढता ऐकली होती आणि तिनंच ती भावाला कळवली होती. कामाच्या पहिल्या दिवशी आत्माराम इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात शिरला, तेव्हा ती जिन्यात ओणवी होऊन फरशी पुसत होती. त्याला पाहून ती उठली, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "या सायेब." तिच्या डोळ्यांत इतकं कौतुक होतं की त्याला भरून यायला हवं होतं. त्याला वाटलं ते वेगळंच. त्याला हायसं वाटलं. बरं झालं, तिनंच ठरवून टाकलं, आता आपल्याला काही ठरवायला नको. त्या दिवसापासून तो तिला सखूबाई म्हणू लागला, अहो-जाहो करू लागला, आणि इतर कारकून तिला अगंतुगं करत असल्यामुळे आपण तिचा मान राखतो असं स्वतःला पटवतही होता. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावर इतरांबरोबर डबा उघडायचा. ती मागच्या पडवीत बसायची. कधी तिनं सुक्या जवळ्याची चटणी केली असली तर संध्याकाळी, सगळे गेल्यावर, कागदात बांधून ती त्याच्या टेबलाच्या खणात ठेवून जायची, आणि तो ती मांडवीच्या आपल्या भाड्याच्या खोलीत नेऊन भातावर घेऊन खायचा. चव अगदी बापाच्या घरची. खाताना त्याला तिची आठवण यायची, पण ऑफिसातल्या सखूबाईची कधी यायची नाही. माणसाला आपल्या मनात भिंती घालायला गवंडी लागत नाही. आत्मारामनं तर खोल्याच खोल्या बांधून ठेवल्या होत्या.

त्या संध्याकाळी तो खोलीवर न जाता जेट्टीकडे चालत राहिला. समुद्र काळसर, ओहोटीचा, किनाऱ्यावर माणसं भेळ खात होती, पोरं झेंडूच्या माळा विकत होती, आणि हे सगळं त्याला अंगावर आल्यासारखं वाटत होतं. आपल्याकडे कुणी पाहत नाही हे कळत असूनही तो मान खाली घालून चालत होता. लाज ही पोटात असते असं त्याला तोवर वाटायचं. ती मानेत असते हे त्याला आज कळलं. मनात एकच गोष्ट घोळत होती. नाही म्हणायला काय हरकत होती? "नाही साहेब, पाण्याचा संबंध नाही, मेमरी कमी पडते आहे." हे वाक्य अवघड होतं का? त्याला सगळं इंग्रजी येत होतं, मराठी येत होतं. पण त्या वाक्यामागून लगेच दुसरा प्रश्न आला असता. कमी कशी पडली? कोणी घेतली कमी?

घेतली त्यानंच. संघानं त्याला तीन महिने मुंबईला शिकायला पाठवलं होतं, आणि शेवटच्या आठवड्यात मशीन विकत घ्यायला भाटकर स्वतः आले होते. नेमकं त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं आणि ते लॉजवर पडून राहिले. आत्माराम एकटाच दुकानात गेला. आत गारठा, पायाखाली गालिचा, आणि टाय लावलेला एक गोरा पोरगा अदबीनं वाकून विचारतो, "टू फिफ्टी सिक्स ऑर सिक्स फॉर्टी, सर?" आत्मारामला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. क्लासमध्ये कमांड शिकवल्या होत्या, मशीनच्या पोटात काय असतं ते कुणी उघडून दाखवलं नव्हतं. प्रश्न मेमरीचा आहे एवढं त्याला समजलं. किती लागते ते ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर त्या पोरानं सांगितलंही असतं, त्याचं कामच ते. पण सर म्हटल्यावर विचारायचं कसं? आणि मग त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "टू फिफ्टी सिक्स." दोन्हींतला लहान आकडा. महिपतरावांनी निघताना बजावलं होतं, "चांगल्यातलं घे हो, घेऊन घेऊन काय रोज घेणार नाय." संघ मोठा आकडाही आनंदानं द्यायला तयार होता. तरी तो लहानच म्हणाला, आणि पोरानं "इनफ, सर?" म्हणून पुन्हा विचारलं तेव्हा सगळा विचार करून बसलेल्या माणसासारखं त्यानं उत्तर दिलं, "इनफ."

का, हे त्याला आज जेट्टीच्या कठड्यावर बसल्यावर कळत होतं. लहानपणी आई त्याला वाण्याकडे पाठवायची तेव्हा पायरीखाली उभं राहायचं, हात पुढे करायचे, आणि तेल असो, गूळ असो, मागायचं ते थोडं. आई सांगायची, "थोडा मागला की मानूस डाफरत नाय. लगेच देऊन मोकळा व्हतो." वाणी वरून टाकायचा, ते तो खाली झेलायचा. पुढे बोर्डिंगात पंगतीला वाढपी आला की तो पुरे म्हणायला सगळ्यांत आधी हात आडवा करायचा, भूक असली तरी. शाळेत मास्तरांनी "डॉक्टर व्हायचं का रे?" म्हटलं तर तो म्हणाला होता, "कारकून झालो तरी पुष्कळ." पुष्कळ आणि पुरे हे दोन शब्द त्याच्या जिभेवर सतत तयार असायचे. मोठं मागणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघतात. तुला कशाला रे एवढं, असं विचारतात. लहान मागितलं की कुणी बघत नाही, आणि कुणी न बघणं हेच त्याला आयुष्यभर सुख वाटत आलं होतं. दुकानातल्या त्या पोरासमोर इस्त्रीच्या शर्टातला आत्माराम उभा नव्हताच. पायरीखाली ओंजळ धरून उभा असलेला तो मुलगा होता. आणि हे कुणाला सांगता येईल, भाटकरांना, महिपतरावांना? ते ऐकून घेतील, मान हलवतील, आणि त्यांच्या नजरेत ते जे येईल ते त्याला नको होतं.

बरं, एकदाच चुकलं असंही नाही. फ्लॉप्या मागवायच्या होत्या तेव्हा दुकानाच्या माणसानं ट्रंक कॉलवर स्वच्छ विचारलं होतं, "नई सिस्टिम के लिए मेमरी जादा लगेगी. सिक्स फॉर्टी है ना आपके पास?" भाटकर समोर बसून काडीनं दात कोरत ऐकत होते. आत्माराम फोनमध्ये म्हणाला होता, "हां, हां, है." फोन ठेवल्यावर भाटकर म्हणाले, "सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "ठीक." कधीकधी कमी मेमरीतही चालून जातं असं क्लासातला एक जण म्हणाला होता, त्या वाक्याला तो महिनाभर धरून राहिला होता. म्हणजे आजचं "असेल" हे काही अचानक आलेलं नव्हतं. आत्माराम मुंबईपासून त्या शब्दाकडे चालत आला होता, आणि वाटेत शेवटी सखू उभी होती, एवढंच. वाईट वाटत होतं ते याचं की ती नसती आणि दुसरी कुणी झाडूवाली असती, तर त्याला इतकं लागलं असतं का, हे त्याला नक्की सांगता येईना.

दसऱ्याला संघ बंद. सखूच्या वाडीत धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असायचा, आणि आत्माराम दर वर्षी जायचा. न जावं असं सकाळी शंभरदा वाटलं, पण न गेल्याचं कारण काय सांगायचं, म्हणून तो पांढरा शर्ट घालून गेला. विहार म्हणजे पत्र्याची शेड, पुढे निळ्या पताका, मूर्तीसमोर मेणबत्त्या. सखू पांढऱ्या पातळात बायकांच्या रांगेत पुढेच बसली होती. त्याला पाहून ती मान हलवून हसली. म्हणजे तिच्या मनात काहीच नव्हतं, आणि त्यामुळे त्याला आणखी अवघडल्यासारखं झालं. वंदना झाली. पंचशील सुरू झालं. एकेक शील सगळे मिळून म्हणत होते आणि चौथं जवळ येत होतं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. लहानपणापासून तो ते म्हणत आला होता, पाढ्यांसारखं, न अडखळता. आज त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. काल दुसऱ्याच्या देवापुढे त्याचे ओठ आपोआप हलले होते आणि आज आपल्या माणसांत बसून ते मिटून राहिले. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं शील म्हणायला लागला.

खीर वाटून झाली, माणसं पांगली. सखू विहिरीजवळ खिरीचा मोठा टोप राख लावून घासत बसली होती. आत्माराम तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. इथे ती आते होती आणि तो आत्मा. ती हात न थांबवता म्हणाली, "सुकला काय रे तुजा येंतर? मला रातभर झोप नाय. एवढ्या सगळ्या मानसांत तुजा पचका झाला माज्यापायी. मेला ता फडका मी पिळलेला बरा, पन आत कुटं पानी गेला आसंल कुनाला म्हायत." तो म्हणाला, "आते, पानी ग्येलाच नव्हता." तिचा हात तेवढा मंदावला. "म्हंजे?" "म्हंजे त्या मशीनमधी मेमरी कमी हाय. जागा पुरत नाय. मीच इकत घेताना कमी घेतला. तुज्या फडक्याचा काय संबंद नाय." विहिरीच्या रहाटावर कुणाची तरी घागर आपटली. मग ती म्हणाली, "ह्या तुला कदी कळला?" "तवाच." "भाटकरानं इचारला तवा?" "व्हय." "मग तू आसंल कशापायी म्हनलास?" आत्माराम म्हणाला, "भ्यालो." त्याला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्ही त्याला चाललं असतं. तिनं राखेची मूठ घेतली आणि टोपाच्या बुडाला लावली.

"मला इचारल्यान भाटकरानं, कुनी सांगितला पुसायला," ती म्हणाली. "तुजा नाव माज्या जिबंवर आला हुता. मी गिळला. म्हनला, पोराचा आज मोठा दिवस हाय. तुला येक आसंल गिळता आला नाय." तो घाईघाईनं म्हणाला, "मी उद्या सगळा सांगतंय. भाटकरांना, चेअरमनना. मशीनचा पन सांगतंय नि तू माजी आते हायस ता पन सांगतंय. तुला परत घ्यायला लावतंय." आता तिनं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिच्या कपाळावर राखेचा ठिपका उडाला होता. "माज्यासाटी सांगनार, का तुज्या जिवाला बरा वाटावा म्हनून?" "तुज्यासाटी," तो म्हणाला. तिनं टोप विसळला, पाणी अळवात ओतलं आणि उठताना गुडघ्यावर हात दाबला. "मग सांग," ती म्हणाली आणि टोप काखेत घेऊन आत गेली. जेवून जा असं म्हणाली नाही. इतक्या वर्षांत ते न म्हणता तिनं त्याला कधी पाठवलं नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो उठून चालत खोलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी तो दोन वाक्यं घेऊन ऑफिसात गेला. आंघोळ करताना, शर्टाची बटणं लावताना, वाटेत, त्यानं ती इतकी घोकली होती की त्यांचा अर्थ उडून जायला लागला होता. मेमरी मी कमी घेतली, पाण्याचा संबंध नाही. सखूबाई माझी आते आहे. जिन्यात एक नवी बाई फरशी पुसत होती. तिनं अंग चोरून त्याला वाट दिली. भाटकरांच्या केबिनमध्ये महिपतराव आधीच येऊन बसले होते, दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याची पानं टेबलावर पडली होती. आत्माराम उभ्या उभ्याच बोलला. पहिलं वाक्य त्यानं ठरवलं होतं त्यापेक्षा लांब झालं. दुकान आलं, लहान आकडा आला, फोनवरचं "है" सुद्धा आलं. वाण्याची पायरी तेवढी आली नाही. बोलून झाल्यावर त्यानं खाली पाहिलं आणि तो वाट पाहू लागला. त्याला शिक्षा हवी होती. ती किती मोठी असावी हेही त्यानं मनात योजून ठेवलं होतं, आणि या एका बाबतीत तो लहान आकडा मागणार नव्हता.

महिपतराव आधी भाटकरांकडे पाहत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. "एवढंच? अरे मग दुसरी मेमरी बसवता येते की नाय त्यात?" "येते," आत्माराम म्हणाला, "त्याच्या चिपा मिळतात." "मग मागव की. मला वाटलं मशीनच खलास झाला." भाटकर कपाळाला आठ्या घालून काही बोलणार होते, पण चेअरमन हसल्यावर त्यांच्या आठ्याही विरल्या. "बघा भाटकर," महिपतराव म्हणाले, "दुसरा कोण असता तर तोंड शिवून बसला असता. पाणी गेलं म्हणून सगळे मोकळे झालेले, ह्याला कोणी धरलं होतं काय? आपण होऊन सांगितलंन. ह्याला म्हणतात सचोटी. तुमच्या समाजातली अशी मुलं पुढं यायला पाहिजेत. आपल्या संघात पहिल्यापासून भेद तो नाहीच." आणि त्यांनी उठून आत्मारामच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याच्या पाठीवर उबदार बसली. हे त्याला नंतरही आठवत राहिलं, की ती त्याला आवडली.

"मग सखूबाईंना परत बोलवायचं ना?" त्यानं विचारलं. भाटकर म्हणाले, "आता कसं बोलवणार? चिमाला ठेवलं ना आजपासून, बघितली नाय काय जिन्यात? विधवा बाई आहे हो, पदरी पोरं. तिला कशी काढू? तिची काय चूक?" यावर महिपतरावांनी मान हलवली. त्यांना ते न्यायाचं वाटलं. ऐकताना आत्मारामलाही क्षणभर न्यायाचंच वाटलं. "आणि सखूबाईचं वयही झालं होतं," महिपतराव म्हणाले. मग त्याच्याकडे निरखून पाहत, अगदी आपुलकीनं, त्यांनी विचारलं, "का रे, तुझ्या नात्यातली आहे काय ती?"

दुसरं वाक्य तयारच होतं. इतकी सोपी वाट त्याला कुणी काढून दिली नसती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर आत्ताची ती सचोटी सगळी दुसरीच काही झाली असती. भाटकर मनात म्हणाले असते, अस्सं होय, आपल्या माणसासाठी आला होता. महिपतरावांच्या डोळ्यांतलं कौतुक विझलं असतं, आणि पाठीवरची ती थाप त्यांनी परत घेतली नसती तरी ती तिथून उठून गेली असती. हे सगळं त्याला एका क्षणात, पडद्यावरच्या अक्षरांइतकं स्वच्छ, वाचता आलं. विहिरीजवळ त्यानं आतेला दिलेलं "तुज्यासाटी" हे उत्तरही आठवलं, आणि ते खोटं होतं हे आता त्याला कळलं.

"नाही," तो म्हणाला. "ओळखीतली आहे."

"मग बस ना, उभा का?" महिपतराव म्हणाले. तेवढ्यात चिमा चहाचे तीन कप घेऊन आली आणि एक तिनं त्याच्यासमोर ठेवला. चहात आलं घातलेलं होतं आणि साखर जरा जास्त होती. आत्मारामनं तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि सगळा प्यायला.